एक मोडायला, एक वापरायला

त्यांना आम्ही पाठीमागे 'रिजेक्ट' म्हणत असू. तोंडावर काही म्हणायची सोय नव्हती, कारण काहीही म्हटलं की ते विचारत, "कशावरून?"

"आज उकडतंय फार." "कशावरून?"

"मॅनेजर रजेवर आहेत." "कशावरून?"

"भाजीत मीठ जास्त झालंय." इथे मात्र ते विचारत नसत. स्वतः चमचा बुडवत, चाखत, मग तोच चमचा खिशातल्या लोहचुंबकाला लावून बघत. कँटीनचे चमचे स्टेनलेस आहेत असं कंत्राटदार सांगायचा. त्याचं ते सांगणं यांनी कधी मान्य केलं नाही.

विक्रोळीच्या ज्या कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो, तिथे बाहेरून येणारा माल तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. ट्रक फाटकात आला की माल आधी त्यांच्या टेबलावर यायचा. शंभर नगांचा लॉट असेल तर त्यातले पाच ते मोडायचे. वाकवून, पिळून, हातोडा घालून. कुठे मोडतो आणि कसा मोडतो ते बघायचे, आणि मग उरलेल्या पंच्याण्णवांवर हिरवा नाहीतर लाल शिक्का. लाल जास्त. हिरवा एकदा पडला की माल स्टोअरमध्ये जायचा आणि पुन्हा त्यांच्यापुढे यायचा नाही. तसा नियमच होता, आणि नियम त्यांना देवाच्या ठिकाणी होते.

हे कारखान्यात ठीक. पण हा माणूस घरीही तसाच वागायचा. छत्री घ्यायची तर दोन घेणार. एक दुकानाच्या पायरीवरच उलटी करून काड्या मोडणार, त्या नीट बघणार, पटलं तर दुसरी वापरणार. कुलूप घेतलं तर दोन, एक छिन्नीने फोडायला. मुलुंडला त्यांच्या घरी मोडलेल्या वस्तूंचं एक कपाट होतं, प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. "एक मोडायला, एक वापरायला," असं ते अगदी साधेपणाने सांगत. लग्न त्यांनी केलं नाही. त्याचंही कारण हेच, असं कँटीनमध्ये लोक हसत सांगायचे. मी ते त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही, म्हणून खरं आहे असं म्हणत नाही.

आता माझ्याविषयी. मी वेसाव्याचा, कोळी. आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायची, बाप बोटीवर. मी बी.एस्सी., सेकंड क्लास. आमच्या घरात माझ्याआधी कोणी मॅट्रिकसुद्धा नव्हतं. हे मी त्या काळी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकत असे, समोरच्याने विचारो न विचारो. आणि समोरचा मुलुंडचा, तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या घरातला असला तर जरा मोठ्यानेच.

त्या वर्षी आमच्या कारखान्याच्या स्पोर्ट्स क्लबने बोर्डावर नोटीस लावली. मुंबई ते कन्याकुमारी सायकलने जाणाऱ्या दोघांना पंचवीस दिवसांची भरपगारी रजा. सामान स्वतः वाहायचं, सायकल स्वतःची. नावं दोनच आली. एक त्यांचं. ते याआधी गोव्याला, हंपीला, उज्जैनला एकटेच जाऊन आले होते, कॅरियरवर स्टो, तांदूळ आणि ताडपत्री बांधून. दुसरं माझं. आमच्या घरात समुद्राने लांब गेलेले पुष्कळ, रस्त्याने कोणी गेलेलं नव्हतं. मला जायचंच होतं. बोर्डावर माझ्या नावापुढे बी.एस्सी. टाईप केलेलं मी रोज जाता-येता बघत होतो.

नोटिशीखाली एक ओळ होती: दोन्ही सायकली तपासून पास झाल्या पाहिजेत. तपासणार कोण, हे लिहायची गरज नव्हती.

त्यांची स्वतःची सायकल म्हणजे दूधवाले वापरतात ती काळी, चोवीस इंची, दोन दांड्यांची. ती निवडायला त्यांनी काय केलं होतं ऐका. मुलुंडच्या एका भय्याच्या मागे ते तीन आठवडे रोज सकाळी फिरले. चार बरण्या लादलेली सायकल कुठे वाकते, कुठे कुरकुरते, वहीत लिहीत. भय्याला वाटलं हे भेसळवाले. त्याने तो रस्ताच सोडला, आणि अख्ख्या आळीचं दूध बंद झालं. बायका भांडायला आल्या तेव्हा हे म्हणाले, "तो घाबरला, म्हणजे पाणी घालत असणार. नाहीतर कशाला घाबरेल?" मग त्यांनी तशा दोन सायकली घेतल्या, एक मोडली, दुसरी दहा वर्षं वापरत होते. तिच्या दांड्यावर त्यांनी छोटासा हिरवा शिक्का मारला होता. मी खोटं सांगत नाही.

मला ती सायकल नको होती. जुहूला विमान कंपनीत नोकरी करणारा एक जण परदेशातून आणलेली सायकल विकत होता. दहा गिअर, ॲल्युमिनियमची रिम, मागे-पुढे सामान लावायच्या बारीक जाळ्या, निळा रंग. दोन बोटांनी उचलली. चार महिन्यांचा पगार जाणार होता. त्यात काळ्या सायकली चार-पाच आल्या असत्या. तरी मला तीच पाहिजे होती.

मी त्यांना दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी रिमला लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही. स्पोक एकेक करून बोटाने छेडले, कान लावून ऐकले. अर्धा तास. मग म्हणाले, "ही तुझ्यासाठी नाही."

तो विकणारा बाजूला उभा होता. माझे कान तापले.

"का?"

"सायकल चांगली आहे, दिसतंय मला. मोडते कुठे ते दिसत नाही."

"चांगली आहे तर मोडेल कशाला?"

"सगळं मोडतं. हिचा टायर बेळगावात मिळेल? स्पोक? हुबळीला कोण उघडेल हे मागचं चाक? आणि मुख्य म्हणजे एकच नग आहे. एक नगाचा लॉट पास करता येत नाही. दुसरी असती तर मोडून बघितली असती."

"तिकडे परदेशात हजारो आहेत. त्यांनी बघितलंच असेल की!"

"त्यांचा रिपोर्ट आणलायस?"

पण माझ्या डोक्यात राहिलं ते एकच वाक्य. ही तुझ्यासाठी नाही. कोणासाठी नाही? पगारदार माणसासाठी, की कोळ्याच्या पोरासाठी?

कारखान्यात काही जण म्हणाले, "अरे, त्याचं घाटकोपरच्या सायकलवाल्याकडे कमिशन असणार. तुला काळी सायकल गळ्यात मारायची आहे." मला ते लगेच पटलं. म्हणून घाटकोपरला त्यांच्याबरोबर मुद्दाम गेलो. दुकानदाराने त्यांना लांबून पाहिलं आणि नोकराला म्हणाला, "वो आया. पंप अंदर रख." ते आत शिरले, स्पोकचं सीलबंद पुडकं फोडून घेतलं, चार वाकवले, एक तुटला, पुडकं परत दिलं. दुकानदार हात जोडून म्हणाला, "साहेब, मेहरबानी करा, मुलुंडला चार दुकानं आहेत ना!" कमिशनचा संशय तिथे गेला. दुसरा गेला नाही.

एकदा ते अंधेरीच्या बाजारात माझ्या आईच्या पाटीपुढे जाऊन बसले. मी तिथे होतो. एकेक पापलेट उचलायचे, कल्ले उघडून बघायचे, खाली ठेवायचे. वीसेक झाल्यावर आई भडकली.

"काय रं, घेतंस का नुसती जत्रा बगतंस?"

"मावशी, मी मासे खात नाही."

"मावशी? मनापेक्षा मोठा दिसतंस तू! आनि मासं खात नाय तर कल्लं कनाला उचलतंस?"

"एक विचारायचं होतं. लिलावात तुम्ही पाटीच्या पाटी घेता. सगळे मासे उघडून बघता?"

"येरा हास का? येक मासा फारून बगायचा. पोटात चांगला तर पाटी आपली."

तिने वेडा म्हटलं तरी त्यांचा चेहरा असा उजळला की मला जरा रागच आला. वीस वर्षं कारखान्यात कोणी त्यांचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि इथे एक कोळीण न शिकता तेच सांगत होती. ते गेल्यावर आई मला म्हणाली, "मानूस येरा हाय, पन खोटा नाय." मग म्हणाली, "तुझी ती निळी सायकल येकच हाय ना रं? मंग फारून बगशील कशी?"

म्हणजे आता आईपण त्यांच्या बाजूने! मी दुसऱ्याच दिवशी जाऊन निळी सायकल घेतली.

ते एवढंच म्हणाले, "पास करायची असेल तर एक रविवार दे. शहापूरपर्यंत जाऊन परत. वजन मी भरतो."

रविवारी सकाळी मुलुंडला गेलो तर दोघांच्याही पिशव्या विटांनी भरून, शिवून, कॅरियरला बांधायला तयार. "दोन्हीकडे सारखं?" मी विचारलं. "प्रवासात असतं तेवढं," ते म्हणाले. नीट बघा, हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मला ते तेव्हा कळलं नाही.

भिवंडी गेली, पडघा गेलं. काय सायकल होती! चढ आला की मी गिअर पाडायचा आणि बसल्या बसल्या वर. मागे वळून बघितलं तर हे उतरून ढकलताहेत, घामाघूम. वर झाडाखाली मी थांबून शिट्टी वाजवली. ते आले, म्हणाले, "चढावर चांगली आहे." मी म्हटलं, "कशावरून?" ते हसले नाहीत.

वासिंदच्या पुढे मागून टिंग असा आवाज आला. मग आणखी एक. तिसऱ्याला चाक वाकडं होऊन चौकटीला घासायला लागलं. गिअरच्या बाजूचे तीन स्पोक गेले होते. शहापूरच्या सायकलवाल्यापर्यंत ढकलत नेली. त्याने चाक फिरवलं, दातांची चकती बघितली, आणि हात धोतराला पुसून म्हणाला, "हे खोलायचा पानाच नाही माझ्यापाशी. नाशकालाबी नसंल. आन खोललं तरी असला स्पोक कुठनं आणू?"

टेम्पो केला. टेम्पोवाल्याने आधी त्यांची पिशवी वर टाकली, मग माझी उचलायला गेला आणि वाकूनच राहिला. "ओ, यात काय मुडदा भरलाय का?"

मी पिशवी उसवली. त्यांच्या पिशवीत आठ विटा. माझ्या पिशवीत चौदा.

"मुद्दाम घातल्यात?"

"हो."

"मोडायला?"

"हो. तुझ्याकडे दुसरी नव्हती, म्हणून हिलाच मोडली. इथे मोडली तर टेम्पो मिळतो."

शहापूरच्या नाक्यावर, दहा माणसांसमोर, मी त्यांना जे बोललो ते आजही आठवतं. "सरळ सांगा ना, कोळ्याच्या पोराच्या बुडाखाली अशी सायकल बघवत नाही तुम्हाला!"

त्यांनी 'कशावरून' विचारलं नाही. नेहमी कोणालाही विचारायचे, तेव्हाच विचारलं नाही. टेम्पोत मागे विटांवर बसून आले आणि मुलुंडला उतरले. मला वाटलं, बरोबर बोललो. खोटं असतं तर त्यांनी नाकारलं असतं.

रजा सुरू व्हायला पंधरा दिवस उरले होते. मी क्लबच्या सेक्रेटरीला सांगायचं ठरवलं की मी येत नाही, आणि का येत नाही तेही सांगायचं. एक माणूस मुद्दाम माझी वस्तू मोडतो आणि पास-नापास त्यानेच करायचं?

त्याच्या आत, बुधवारी संध्याकाळी, ते वेसाव्याला आमच्या दारात आले. मुलुंडहून काळ्या सायकलवर. सायकल भिंतीला टेकवली, आईला नमस्कार केला, आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"ही घे. पाहिजे तेवढं वजन टाक. मोडेपर्यंत चालव."

"मला नको तुमची सायकल."

"मी तुझी मोडली. तू माझी मोड. नाहीतर हिशोब कसा जुळायचा?" मग म्हणाले, "ते दुसरं जे बोललास, त्याला काय पुरावा द्यायचा ते मला कळत नाही. शोधलं मी. नाही सापडला." आणि बसस्टॉपकडे चालत गेले.

आता एखादा म्हणेल, मी विरघळलो असेन. नाही. मला वाटलं, ही पण युक्ती. त्यांना ठाऊक आहे ही दगडासारखी सायकल मोडत नाही. ती परत नेऊन द्यायची आणि त्यांनी म्हणायचं, बघ. म्हणून मी ठरवलं, मोडायचीच. कॅरियरवर चौदा विटा बांधल्या, हँडलला दोन पिशव्यांतून सहा टांगल्या, आणि मासे वाळवायच्या मैदानापासून सात बंगल्याकडे निघालो. खड्डे टाळले नाहीत. दिसले की त्यातच घातली. आई ओटीवरून ओरडत होती, "अरं, कोनाचा राग कोनावर काडतंस?"

पाचव्या की सहाव्या खड्ड्यात पुढचं चाक माझ्या पायांखाली निघून गेलं. मी तोंडावर पडलो, हनुवटी फुटली. उठून बघतो तर चाक धरणाऱ्या पुढच्या चिमट्याची नळी हँडलच्या खाली दुभंगलेली. चाक एकीकडे, हँडल माझ्या हातात. मला आनंद झाला, हे कबूल करतो. रक्त पुसलं, तुकडे गोणीत भरले, चौकट खांद्यावर घेतली आणि दुसऱ्या दिवशी सगळं कारखान्यात त्यांच्या टेबलावर ठेवलं, जिथे ट्रकमधला माल ठेवतात तिथेच.

त्यांनी तुटलेलं टोक उजेडात धरलं. खूप वेळ. मग भिंग घेतलं. मग भिंग माझ्या हातात दिलं.

मी केमिस्ट आहे, मला सांगायची गरज नव्हती. तुटलेल्या नळीचा निम्मा भाग ताजा, चकचकीत होता. निम्मा तांबडा-काळा, गंजलेला. म्हणजे ती चीर कालची नव्हती. वर्ष, दोन वर्षं, कदाचित उज्जैनच्याही आधीची. तांदूळ, स्टो, ताडपत्री लादून ते घाटांतून त्या अर्ध्या नळीवर उतरत होते. या खेपेलाही उतरणार होते.

"किती विटा घातल्यास?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

"खोटं."

"वीस."

"बरं केलंस," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. दांड्यावरच्या त्या हिरव्या शिक्क्यावर अंगठा घासत म्हणाले, "दहा वर्षं झाली. पास केली आणि पुन्हा बघितलीच नाही. पास झालेला माल आपण पुन्हा बघत नाही ना..."

जगावर संशय घेणाऱ्या माणसाने एका गोष्टीवर कधी संशय घेतला नव्हता, स्वतःच्या शिक्क्यावर. मी सुडाने केलं होतं, त्यात माझं पुण्य काही नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं. पण त्या टेबलापाशी उभं असताना माझ्या मनातली ती शहापूरची गोष्ट अशी काही लहान झाली की मला ती पुन्हा काढताच आली नाही. आणि सेक्रेटरीकडेही मी गेलो नाही.

उरलेले दिवस आम्ही टूलरूममध्ये काढले, रीतसर परवानगीची चिठ्ठी घेऊन. निळ्या सायकलीचं मागचं चाक खोलायचा पाना त्यांनी स्वतः बनवला. घाटकोपरचे जाड स्पोक मापाने कापले, नवे आटे पाडले, बारा वाकवून मोडले, मग चाक विणलं. विणताना प्रत्येक स्पोक छेडून मला विचारायचे, "कसा वाटतो?" माझ्या कानाला सगळे सारखे. पण मी उत्तर द्यायला शिकलो. शेवटी चौदा विटा बांधून मुलुंड ते ठाणे तीन फेऱ्या झाल्या आणि त्यांनी कागदावर सही केली. सही केली, शिक्का मारला नाही.

स्वतःसाठी त्यांनी नवी काळी सायकल आणली. एकच.

"दुसरी कुठाय?" मी विचारलं.

"मोडत बसायला वेळ कुठे उरलाय?" ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

सोमवारी सकाळी कारखान्याच्या फाटकात नारळ फुटला, हार झाले. आई आली होती, तिने दोघांच्याही कॅरियरला सुक्या बोंबलांची पुडकी बांधली. त्यांनी त्यांचं निमूटपणे बांधू दिलं. मानखुर्द ओलांडून वाशीच्या पुलावर चढेपर्यंत आम्ही शेजारी शेजारी होतो. पुलावर ट्रकांची रांग आली तेव्हा एकामागे एक होणं भाग होतं.

"तू पुढे हो," ते म्हणाले.

"का?"

"तुझं मागचं चाक मला दिसत राहिलं पाहिजे."

"आणि तुमची ही कोरी सायकल? ती कोणी बघायची?"

खाली खाडीला भरती होती.

"तू ऐक," ते म्हणाले. "तुला आता ऐकू येतं. काही वेगळं वाजलं तर सांग मला."

मी पुढे झालो. पनवेलपर्यंत एकदाही मागे वळून बघितलं नाही. ट्रकांच्या घरघरीतून त्या काळ्या सायकलीची साखळी तेवढी कानात धरून चाललो होतो.